गोराईच्या खाडीतली ओहोटी

रविवार, १ एप्रिल १९८४. होडीचं दिवसाचं भाडं एकशे ऐंशी रुपये ठरलं होतं. त्यातले पन्नास आठ दिवस आधी आगाऊ दिलेले. उरलेले एकशे तीस परत किनाऱ्याला लागल्यावर द्यायचे. होडीत आम्ही पाच जण: मी, माझी पत्नी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि शेजारच्या खोलीतले काका. सहावा नाखवा, म्हणजे होडीचा मालक. होडी मासेमारीचीच होती. पत्नीने घरून आणलेली सतरंजी मधल्या फळ्यांवर अंथरली तेव्हा तिला सहलीचं रूप आलं, पण सुक्या बोंबलाचा वास काही गेला नाही.

कल्पना काकांची. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, किल्ल्यांचा नाद असलेले गृहस्थ. "वसईचा किल्ला समुद्रातून बघायचा असतो," असं ते वर्षभर म्हणत होते. "स्टेशनवरून एस्टीने गेलात की नुसत्या पडक्या भिंती. पाण्यातून गेलात की कळतं, पोर्तुगीज कसे आले आणि आपल्या लोकांनी त्यांना कसे घालवले." निम्मं भाडं ते देणार होते. बोरिवलीहून गोराईच्या खाडीत होडीत बसायचं, खाडीच्या तोंडातून बाहेर पडून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचं, किल्ला पाहायचा, डबे खायचे आणि तिसऱ्या प्रहरी परत, असा बेत होता.

शुक्रवारी खालच्या वाण्याच्या फोनवर एजंटचा निरोप आला. भावाचं मस्कतचं तिकीट आलं होतं. विमान रविवारी मध्यरात्रीनंतर, पण पासपोर्ट आणि तिकीट एजंट स्वतः विमानतळाच्या दाराशी देणार, रविवारी रात्री आठ वाजता. "आठ म्हणजे आठ. नाही आलास तर तुझ्या जागी दुसरा जाईल, माझ्याकडे माणसं बसून आहेत," असं त्याने वाण्यामार्फत कळवलं होतं. वाण्याने हा निरोप दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितला.

भाऊ गिरणीत विणकर होता. संप झाला, गिरणी बंद पडली आणि तो आणि त्याची बायको परळची खोली सोडून आमच्याकडे राहायला आली. आमची खोली दहा बाय बारा. मी, पत्नी, दोन मुली आणि ही दोघं. माणशी वीस चौरस फूट. हा हिशेब मी एकदा कागदावर केला होता आणि कागद फाडून टाकला होता. मस्कतच्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात दोन वर्षांचा करार मिळाला होता, आणि एजंटचे पैसे भावजयीच्या बांगड्या गहाण ठेवून भरले होते. ते विमान चुकलं असतं तर बांगड्याही गेल्या आणि नोकरीही.

सगळे म्हणाले, सहल रद्द करा. पत्नी म्हणाली, "अहो, त्याच दिवशी कशाला? अमावास्या आहे." काकासुद्धा म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाऊ की." मी म्हणालो, आगाऊ दिलेले पन्नास बुडतील. शिवाय होडी आठला सुटणार, तीनला परत. तीन ते आठ पाच तास हातात राहतात. बॅग बांधून तयार आहे. भावाला जाण्याआधी एक दिवस बाहेर मोकळा मिळेल. हे सगळं मी मुद्देसूद मांडलं आणि माझ्या मुद्देसूद बोलण्यापुढे आमच्या घरात कोणी फारसं टिकत नसे. पत्नीने कालदर्शिका पाहिली. अमावास्या रविवारी संध्याकाळी पावणेसहापर्यंत होती. "मग घरातून त्याचा पाय पावणेसहानंतरच बाहेर पडेल," एवढीच अट तिने घातली. मुली काकूंकडे, म्हणजे काकांच्या पत्नीकडे राहिल्या. आमच्या खोलीची किल्लीही काकूंकडेच दिली.

भरती-ओहोटीचा हिशेब मी स्वतः केला होता. आम्ही मालवणकडचे. तिथे शाळेत जायच्या आधी मुलांना तो हिशेब येतो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अमावास्या पंधरावी, म्हणून पंधरा गुणिले तीन भागिले चार, सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, पुढचे सहा तास ओहोटी. नाखव्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला.

"हिसाब बरोबर हाय तुमचा, साहेब. पन साडेबाराला होडीत बसा. एकच्या पुढे मी थांबनार नाय. उधानाचं पानी हाय."

"असू दे. निम्मी ओहोटी व्हायला तीन तास लागतात. सव्वादोनपर्यंत निम्मं पाणी असतंच," मी म्हणालो.

"तुमच्या गावाला असंल," तो म्हणाला आणि इंजिनाच्या दोरीकडे वळला.

जाताना फार सुंदर झालं, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. मनोरी, गोराई, उत्तन अशी गावं उजव्या हाताला माडांत सरकत गेली. मध्येच एखादं पांढरं चर्च, त्याच्या खाली वाळत घातलेल्या जाळ्या. भाऊ पुढच्या टोकाला बसला होता आणि पाण्यात हात घालून होता. दोन वर्षांत तो मला असा बसलेला दिसला नव्हता. घरी तो भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसायचा, जागा कमी लागावी म्हणून. किल्ल्याचा बुरूज पाण्यातून वर आला तेव्हा काका उभे राहिले आणि होडी डोलली. "बसा हो, नायतर तुमचाच इतिहास व्हईल," नाखवा म्हणाला.

किल्ल्यात वेळ गेला. काकांनी एक दार दाखवलं, मग दुसरं दार, मग पडलेल्या देवळासारख्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेले दगड, त्यांवरची अक्षरं. साडेबारा वाजले. मी घड्याळ पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मीच म्हणालो, "अजून अर्धा तास आहे, सावकाश जेवू." चिंचेच्या सावलीत दहीभात, बटाट्याची भाजी, कोलंबीचं लोणचं. आम्ही एक चाळीसला होडीत बसलो. नाखव्याने फक्त माझ्या मनगटाकडे, घड्याळाकडे बघितलं.

परतताना वारा तोंडावर होता. खाडीच्या तोंडाशी पोचायला पावणेचार झाले. आत शिरलो आणि मला पहिल्यांदा कळलं की माझा हिशेब कुठे चुकला. वेळ बरोबर होती. किती पाणी उतरतं हे मी धरलंच नव्हतं. आमच्या गावच्या खाडीत ओहोटीला पुरुषभर पाणी जातं आणि होड्या तरंगतच राहतात. इथे अमावास्येच्या उधाणाला पाणी दुमजली घराएवढं चढतं आणि तेवढंच उतरतं. सकाळी जिथून गेलो तिथे आता दोन्ही बाजूंना चिखलाचे काळे, चमकते उतार उभे होते आणि मधून ओढ्यासारखी एक पट्टी वाहत होती.

"जेवरा चरतंय तेवराच उतरतंय," नाखवा म्हणाला. त्याने इंजिन हळू केलं, एकदा बांबूने तळ चाचपला, दुसऱ्यांदा चाचपला. चार वाजून दहा मिनिटांनी होडी कशावर तरी मऊ घसरली आणि थांबली. धक्का बसला नाही. कोणीतरी खालून तिला हलकेच हातात धरावं तसं झालं.

"आता?" मी विचारलं.

"आता आठ."

"आठ काय?"

"आठ वाजता तरंगंल. खारीत पानी उशिरा चरतंय. बसा."

आमच्यापासून बोरिवलीच्या बाजूची तिवरांची झाडं चारशे पावलांवर असतील. त्यांच्यामागे मिठागराचा बांध, त्यावरून एक सायकलवाला जाताना स्पष्ट दिसत होता. कुठेतरी लाउडस्पीकर लावला होता. घर तिथून पाऊण तासाच्या आत. मी बूट काढून एक पाय बाहेर टाकला, तो मांडीपर्यंत आत गेला आणि तळ लागला नाही. नाखव्याने मला काखेत धरून वर ओढलं. "साहेब, हा चिखल उभ्या मानसाला गिळतो," तो म्हणाला. पॅन्टवर राखाडी चिखल, त्याला कुजल्या अंड्यासारखा वास. मी पुन्हा सतरंजीवर येऊन बसलो.

पाणी उतरत गेलं तशी होडी एका कुशीवर कलली. बसायला सपाट जागा राहिली नाही. आम्ही पाचही जण घसरून एका बाजूला गोळा झालो, एकमेकांच्या अंगाला अंग लागून, अगदी घरातल्यासारखे. प्यायचं पाणी संपलं होतं. बायकांची आणखी एक अडचण होती, ती त्या बोलून दाखवू शकत नव्हत्या आणि आम्ही पुरुष मुद्दाम दूर बघत होतो. डोक्यावरून विमानं सांताक्रूझकडे उतरत होती. मी ती मोजली. पाच वाजेपर्यंत सात.

"पन्नास रुपये वाचवले ना?" पत्नी म्हणाली.

मी पॅन्टवरचा चिखल नखाने खरवडत राहिलो.

"नाही, मी विचारते. वाचले ना पन्नास?"

"वहिनी, जाऊ दे गं," भाऊ म्हणाला.

काका दिवसभरात पहिल्यांदाच गप्प होते. मग त्यांना राहवलं नाही. "एक एप्रिल आहे आज," ते पुटपुटले. "कुणाला सांगून खरं वाटणार नाही." त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

आणि तेव्हा भाऊ माझ्याजवळ सरकला. घरी आम्ही मालवणी फारशी बोलत नसू, मुलींच्या शाळेमुळे. तो हळू म्हणाला, "दादा, बरा झाला."

"काय बरं झालं?"

"माका जावचा नाय रे."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. "आता सांगतंस?"

"कधी सांगू? घरात कुठे बसून सांगू?" तो म्हणाला. "तू इतक्या घाईत होतास. कागद, फोटो, एजंट, सगळी धावपळ तूच केलीस. तुका जागा होयी होती, ता माका कळत होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याने नुसता माझा फाडलेला कागद वाचून दाखवावा तसं ते होतं. चारशे पावलांवर जमीन होती आणि मला उठून कुठेही जाता येत नव्हतं. मी त्याच्या शेजारीच बसून राहिलो, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. एकच गोष्ट मला कळत होती. तो गेला नाही तर त्याचं वाटोळं माझ्या हिशेबामुळे झालं, आणि गेला तरी माझ्याच हिशेबामुळे गेला.

सव्वापाचच्या सुमारास तिवरांकडून एक बाई येताना दिसली. कोळीण, पन्नाशीची, लुगडं घट्ट खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल. पाठीशी बांबूची पाटी, तिच्यात शिंपल्या. ती चिखलावरून चालत नव्हती आणि पोहतही नव्हती, काहीतरी दोन्हीच्या मधलं होतं. नाखव्याने हाक मारली. दोघांचं त्यांच्या बोलीत बराच वेळ चाललं. शेवटी ती होडीच्या कडेला येऊन टेकली आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून न्याहाळलं.

"कोन जानार हाय इमानात?"

मी भावाकडे बोट दाखवलं.

"चल मंग. एकालाच नेन. या म्हातारबाबाला नाय, या बायांना नाय."

"पोचेल का तो?" मी विचारलं.

"माझ्या मागं मागं आला तं पोचंल. उभा रायला तं गेला. रांगायचं. पोरगं रांगतं तसं."

भाऊ जागचा हलला नाही. मग भावजय बोलली. ती दिवसभर जेमतेम चार वाक्यं बोलली असेल. आमच्या घरी ती तशी कमीच बोलायची. दुसऱ्याच्या घरात माणूस आवाज जपून वापरतो. ती म्हणाली, "तुमी जावा."

"तू एकटी..."

"मी एकटी नाय, पाच जणांत आहे. त्याचाच तर त्रास आहे," ती म्हणाली, आणि हसली. "दोन वर्षांनी वेगळी खोली घेऊ. ती होडीसारखी तिरकी नको, बस. जावा तुमी. बांगड्या सोडवून आणायच्यात माझ्या."

तो उठला. शर्ट काढून पत्नीच्या पिशवीत टाकला, पँट गुडघ्यांवर दुमडली. पत्नीने घड्याळ पाहिलं आणि तिला अचानक आठवलं. "अहो, पाच पंचवीस झालेत. अमावास्या पावणेसहापर्यंत आहे. वीस मिनिटं थांबला तर?"

"वीस मिन्टांनी पानी फिरंल," कोळीण म्हणाली. "तुझी आमावशा चिखलाला म्हाईत नाय, बाय."

घरातून निघताना हातावर दही द्यायचं, ही आमच्याकडची रीत. घरी त्यासाठी वाटीत दही लावून ठेवलं होतं. इथे डब्याच्या कडेला दहीभाताची चार शितं चिकटली होती. भावजयीने ती बोटाने निपटून घेतली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती खाल्ली. वाकून माझ्या पायाला हात लावायला गेला, पण होडी इतकी कललेली होती की तो माझ्या गुडघ्यावरच आपटला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

बाईने पाठीवरची पाटी काढली, आतल्या शिंपल्या भसकन चिखलात ओतल्या आणि रिकामी पाटी त्याच्यापुढे उपडी टाकली. "छाती हिच्यावर टाक. हातानं वढ. पाय मागं सोड."

तो होडीवरून खाली सरकला. पहिल्या दहा पावलांत दोनदा तोंडावर पडला. मग त्याला जमलं. बाई पुढे, तो मागे, पाटीवर छाती टेकून. मधूनमधून तिचा आवाज येत होता, "डावीकडं. तिथं नाय, तिथं खोल हाय. अक्कल घरी ठेवलीस काय रे?" आम्ही चौघं होडीच्या वरच्या कडेला धरून उभे होतो. पन्नास पावलांवर त्याचा रंग चिखलाचाच झाला आणि तो कुठे आहे ते फक्त हालचालीवरून कळायचं. भावजयीने एकदा हात वर केला. त्याने मागे पाहिलं नाही, पाहू शकतच नव्हता. मग तिवरांत शिरला. नंतर बराच वेळाने बांधावर एक माणूस उभा राहिलेला दिसला, काळा, उघडा. तो वळला, दोन्ही हात वर केले आणि बांधावरून पळत सुटला.

विमानतळावर निरोप द्यायला जाताना भावजयीने नेसायची साडी इस्त्री करून काकूंकडे ठेवली होती. ती तशीच घडीत राहिली. अंधार पडेपर्यंत ती बांधाकडे बघत होती. नाखव्याने कंदील लावला. पाणी आलं ते आधी ऐकू आलं, चिखलात बुडबुडे फुटल्यासारखं. होडी हळूहळू सरळ झाली आणि आम्ही एकमेकांपासून सुटलो.

घरी काकूंनी सांगितलं. तो सात वाजायच्या आत आला होता, चाळीच्या नळावर अंघोळ केली, तरी वास गेला नाही. दोन्ही तळवे शिंपल्यांनी कापले होते, त्यांनी हळद भरून फडकं बांधलं. दोघी मुलींना जवळ घेतलं, बॅग उचलली आणि रिक्षाने गेला. वाटीतलं दही त्याने खाल्लं नाही. म्हणाला, मी खाऊन आलोय. पाचव्या दिवशी तार आली: पोचलो.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गोराईला गेलो. नाखव्याला त्या रात्री अंधारात एकशे तीस दिले होते. उशिराचे काही वाढवून द्यावेत म्हणून मी पाकीट काढलं. त्याने नको म्हटलं. "अडकलो ते मीपन अडकलो. त्याचं काय भाडं?" बाईचं घर त्यानेच दाखवलं. ती दारात जाळं सोडवत बसली होती. मला तिने लगेच ओळखलं नाही. मग चिखलाची खूण केली तेव्हा हसली.

"गेला काय तुजा भाव?"

"गेला."

"बरं झालं. रडत व्हता सारी वाट. चिखल डोल्यात गेला बोलत व्हता."

मी पन्नासाची नोट पुढे केली. ती तिने हातातसुद्धा घेतली नाही. "मी काय हमाल हाय?" मग थोडा विचार करून म्हणाली, "शिंपल्या फेकल्या त्या दिशी. चार वाटे झाले असते. दोन-दोन रुपयांचे."

माझ्याकडे सुटे नव्हते. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन नोट मोडून आणली आणि तिला आठ रुपये दिले.